कर्कपेशी, ऑटोफॅजी आणि केंद्रक

उपासमार झाली की पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग पटलाच्या पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे पाठवते. तिथली विकरे त्यांचे विघटन करतात आणि मोकळी झालेली अमिनो आम्ले पुन्हा वापरात येतात. १९६३ मध्ये ख्रिश्चन द डूव्ह यांनी या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. पुढची सुमारे तीस वर्षे ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन करण्यापुरतीच राहिली. ही क्रिया न जमणारे यीस्टचे प्रकार योशिनोरी ओहसुमी यांनी १९९३ मध्ये वेगळे काढले, तेव्हा कुठे तिच्यामागची जनुके हाती लागू लागली.

जनुके सापडताच कर्करोगाचा प्रश्न आला. बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये बेक्लिन-१ हे जनुक ऑटोफॅजीशी जोडले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या बऱ्याच कर्करोगांत त्याची एक प्रत गहाळ असते. २००३ मध्ये अशी एकच प्रत असलेल्या उंदरांना गाठी होताना दिसल्या, आणि ऑटोफॅजी कर्करोगाला आवर घालते हे मत रूढ झाले. ते जरा घाईचेच होते. बेक्लिन-१ गुणसूत्रावर बीआरसीए-१ या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकाच्या शेजारी आहे. माणसात शेजाऱ्याबरोबर तेही जात असावे, अशी शंका पुढे घेतली गेली. शिवाय आयलीन व्हाइट यांच्या गटाने २००६ पासून उलट बाजू दाखवली. गाठीच्या गाभ्यात, जिथे रक्त पोहोचत नाही, तिथे पेशी ऑटोफॅजीच्याच आधाराने तग धरतात. मग हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियाचे जुने औषध लायसोसोम निकामी करण्यासाठी रुग्णांवर तपासले गेले, पण मेंदूच्या गाठींत पुरेसा परिणाम साधेल इतकी मात्रा रुग्णांना सोसत नव्हती.

संशोधनाचा दुसरा प्रवाह केंद्रकातला. कर्कपेशीच्या डीएनएवर मिथिल गट कमी असतात, हे फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले. जनुकाचा मजकूर न बदलता त्याचे काम थांबू किंवा सुरू होऊ शकते, ही कल्पना त्यानंतर कर्करोगशास्त्रात रुजली. महाराष्ट्रात या कामाची पूर्वतयारी बरीच आधी झाली होती. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन संशोधन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर वाढणाऱ्या पेशींशिवाय यातले बरेच प्रयोग शक्य नसतात. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने पेशी साठवून देशभर पुरवण्याचे काम हाती घेतले. तिथेच संजीव गलांडे यांच्या गटाने २००६ मध्ये एसएटीबी-१ या प्रथिनाचा अभ्यास मांडला. फॉस्फेट जोडले गेले की हे प्रथिन हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, ॲसिटिल गट काढणाऱ्या विकराला धरते. फॉस्फेट निघाले की गट जोडणाऱ्याला. पहिल्या स्थितीत जनुके दबतात, दुसऱ्या स्थितीत खुलतात. हेच प्रथिन स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार वाढवते, हे २००८ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले.

हे दोन प्रवाह इतकी वर्षे वेगळे वाहिले, याचे कारण बरेचसे सवयीचे होते. ऑटोफॅजी पेशीद्रवात दिसते, म्हणून ती पेशीद्रवाचीच बाब मानली गेली. केंद्रक काढून टाकले तरी ती काही काळ चालते, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला. २०१३ मध्ये त्याला धक्का बसला. ऑटोफॅजी सुरू होताच हिस्टोन एच-४ च्या सोळाव्या लायसिनवरचे ॲसिटिल गट कमी होतात, आणि ही घट रोखली तर पेशी तगण्याऐवजी मरते, असे आढळले. म्हणजे तीच क्रिया जीव वाचवणार की घेणार, यात केंद्रकाचा हात आहे. मारक की तारक हा जुना वादच त्यामुळे नीट मांडलेला नव्हता असे म्हणावे लागते.

संबंध उलट दिशेनेही आहे. रास हे जनुक बिघडून पेशी कर्करोगाकडे झुकू लागली, की ऑटोफॅजीची यंत्रणा केंद्रकाच्या आतल्या अस्तरातील लॅमिन बी-१ हे प्रथिन बाहेर नेऊन नष्ट करते आणि पेशीचे विभाजन कायमचे थांबते, असे शेली बर्जर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. साध्या उपासमारीत मात्र हे अस्तर शाबूत राहते.

औषधांत हा मेळ अजून कच्चा आहे. हिस्टोनवरचे ॲसिटिल गट टिकवून धरणारे व्होरिनोस्टॅट ऑटोफॅजीही वाढवते, म्हणून ते हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसोबत देण्याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या. अडचण मोजमापाची आहे. रुग्णाच्या गाठीतल्या तुकड्यात पिशव्यांची संख्या दिसते. त्या भरभर तयार होत आहेत की पुढे जाताना अडकून पडल्या आहेत, हे त्यावरून ठरवता येत नाही.