देणं मान्य आहे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी देवघरातली तसबीर पुसायला घेतली होती. पाच वर्षांचा नातू शेजारी येऊन उभा राहिला. तसबिरीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "आबा, दत्तबाप्पाची ही चार कुत्री रात्री झोपतात कुठं?"

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, "अरे, ती चार कुत्री म्हणजे चार वेद आणि मागची गाय म्हणजे पृथ्वी."

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "हो, पण झोपतात कुठं?"

मला काही सुचेना. शेवटी त्यानंच सांगून टाकलं, "पायाशी झोपत असतील. आपला बंड्या तुमच्या पायाशी झोपतो तसा."

त्याचं बोलणं ऐकून सगळे हसले. मलाही हसू आलं, पण आतून कुठंतरी टोचलं. कारण या बंड्याला मी एकदा सोडून गेलो होतो. नातवाला ते ठाऊक नाही. वाचकहो, आज ते तुमच्यासमोर ठेवावं म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

आमचं घर सांगलीचं. मी बँकेत कारकून होतो, २०१८ साली निवृत्त झालो. तेव्हा घरात मी, सौ. आणि चिरंजीव अशी तीन माणसं. आज आठ खाणारी तोंडं आहेत. सूनबाई आली, नातू झाला, मग नात झाली. शिवाय बंड्या कुत्रा आणि मनी मांजर. चिमण्या-कावळे मोजत नाही, त्यांचा हिशोब सौ. ठेवते.

बंड्या आला तो २०१४ च्या पावसाळ्यात. संध्याकाळी बँकेतून घरी आलो तर पायरीवर चिखलाचा एक गोळा थरथरत बसलेला. सौ.नं दूध-भाकरी कुस्करून घातली. मी म्हणालो, "आजची एक रात्र फक्त." ती एक रात्र अजून संपलेली नाही. मनी पुढच्या वर्षी आली, तिनं तर विचारलंसुद्धा नाही. वर्तमानपत्र उघडलं की त्यावर येऊन बसायचं हा तिचा तेव्हापासूनचा नेम. बंड्याचा नेम वेगळा. पहाटे मी देवळात निघालो की माझ्यामागून यायचं, बाहेर चपलांपाशी बसायचं आणि आरतीची घंटा वाजली की मान वर करून सूर लावायचा. देवळातली मंडळी त्याला 'मागचे टाळकरी' म्हणतात.

अनसूयामातेची कथा आपण दर वर्षी ऐकतो. तिन्ही देव अतिथी म्हणून दारी आले, अवघड अट घालून बसले, आणि तिनं त्यांची बाळं करून टाकली. या कथेतून पातिव्रत्याचा महिमा सांगितला जातो, तो आहेच. मला मात्र त्यात गृहस्थाश्रमाची एक साधी शिकवणही दिसते. दारी आला तो पाहुणा होता, आईच्या हाताला लागला आणि घरचं लेकरू झाला. आमच्या सौ.नं दूध-भाकरी घातली तेव्हा बंड्याचंही तेच झालं. आता प्रश्न असा की, एकदा लेकरू म्हटल्यावर त्याचं देणं किती? आणि ते देता आलं नाही तर काय?

या प्रश्नाशी माझी गाठ पडली २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

कृष्णेला पूर आला. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता. तेव्हा पाणी फाटकाच्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्यामुळे मी घरच्यांना म्हणत राहिलो, "काही होत नाही, इथवर येत नाही." पण या वेळी आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली. वाडीला दक्षिणद्वार झालं की महाराजांच्या पादुकांवरून वाहून आलेलं तेच पाणी आपण तीर्थ म्हणून डोक्यावर घेतो. आता तीच कृष्णामाई आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती. आम्ही गच्चीवर गेलो. सूनबाईला सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी होडी आली. होडीतल्या मुलांनी स्पष्ट सांगितलं, फक्त माणसं. त्यांचं काही चुकलं नाही. पुढच्या गल्लीत म्हातारीकोतारी ताटकळत होती. आम्ही पाण्याच्या टाकीखालच्या आडोशाला चार भाकऱ्या, भाताचं पातेलं आणि पाण्याची बादली ठेवली. बंड्या आणि मनी तिथंच राहिले. जिन्यावरून होडीत उतरताना सूनबाई म्हणाली, "बाबा, बंड्याचं काय?"

मी म्हणालो, "कुत्रंच आहे ते. त्याचं तो बघेल."

होडी वळली. बंड्या गच्चीच्या कठड्यावर पुढचे पाय टेकून उभा होता. तो भुंकला नाही. कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत तसाच उभा होता.

धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला, ही गोष्ट मी कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! होडीत बसताना ती आठवली नाही. आठवली रात्री, नातेवाइकांच्या घरी गरम आमटी-भाताचं ताट समोर आल्यावर. घास खाली उतरेना. सौ.नं ताटाला हातच लावला नव्हता.

सहाव्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा मी आणि चिरंजीव चिखल तुडवत घरी गेलो. जिना चढताना माझे पाय जड झाले होते. वर गेलो तर टाकीखाली बंड्या बसलेला, त्याच्या पोटाशी मनी गुरगुटून झोपलेली. समोरच्या इमारतीतल्या मुलांनी रोज वरून पोळ्या टाकल्या होत्या, पावसानं बादली भरत राहिली होती. बंड्या हाडाडला होता. मला बघितल्यावर तो उठला, शेपटी हलवत आला आणि नेहमीसारखा पायावर लोळला. मी खाली बसलो आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, चिखलात बसून!

त्यानंतर बरेच दिवस मी मनाशी झगडत होतो. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी काय करेन? प्रामाणिकपणे सांगतो, पोटुशी सून आधी होडीत बसवीन. जागा नसेल तर कुत्र्याला मागं ठेवावं लागेल. संसारात सगळ्यांचं सगळं देणं एकाच वेळी चुकतं करता येत नाही. मग मला टोचत काय होतं?

त्याचं उत्तर मला माझ्या बँकेनं दिलं.

कर्ज खात्यावर मी अनेक वर्षं काम केलं. कर्जदार दोन तऱ्हेचे. एक यायचा आणि म्हणायचा, "साहेब, यंदा पीक गेलं. देणं मान्य आहे, पण आत्ता हातात काही नाही." दुसरा म्हणायचा, "कसलं कर्ज? ही सही माझी नव्हेच." थकबाकी दोघांचीही. पण पहिल्याला आम्ही चहा पाजायचो. बँकेत आणखी एक पद्धत असते. कर्जाला मुदतीचा कायदा लागतो. साधारण तीन वर्षं काहीच हालचाल झाली नाही तर वसुलीचा दावा करता येत नाही. म्हणून मुदत संपण्याआधी कर्जदाराकडून एका कागदावर सही घेतात : इतकी बाकी मला मान्य आहे. त्या सहीनं एक पैसाही फिटत नाही, पण तिथून मुदत नव्यानं सुरू होते. कर्ज जिवंत राहतं.

बंड्याला गच्चीवर ठेवलं ही माझी अडचण होती. "कुत्रंच आहे ते" म्हणालो, हे मात्र पाप होतं. देता येत नव्हतं म्हणून मी देणंच नाकारलं. पाच वर्षं चपला राखणारा, पाच वर्षं दारात वाट बघणारा जीव. माझी सोय व्हावी म्हणून मी त्याची किंमत एका वाक्यात शून्य करून टाकली. मला वाटतं, कृतज्ञता म्हणजे फेड नव्हे. फेड आपल्याच्यानं होतच नाही. आईची होत नाही, गुरूची होत नाही, गाईची होत नाही. कृतज्ञता म्हणजे कबुली. जेवायला बसण्याआधी गोग्रास काढायचा, काकबळी ठेवायचा, कुत्र्याचा घास बाजूला ठेवायचा ही आपल्या वाडवडिलांची रीत. एका घासानं गाईच्या दुधाची किंमत कुठं फिटणार? ती रोजची सही आहे. बाकी मान्य आहे, एवढंच त्यात आपण लिहून देतो.

ऑक्टोबरात नातू झाला. बारशाला जमलेल्या नात्यातल्या बायकांनी एकमुखानं सल्ला दिला : घरात तान्हं बाळ आहे, कुत्र्या-मांजराला बाहेर काढा. त्यांना काळजी होती, हे मी समजतो. मीसुद्धा डळमळलो. तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा सोडलंय त्याला. पुन्हा नको." नुसती माया दाखवून भागत नाही, म्हणून आम्ही पशुवैद्याकडे गेलो. रेबीजची लस, जंताचं औषध, अंघोळ यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. बाळाजवळ प्राण्यांना एकटं सोडायचं नाही हा नियम केला आणि तो कसोशीनं पाळला. पाळण्यापासून चार हातांवर बंड्याचं पोतं पडलं. बाळ रडलं की आमच्या आधी तो उठायचा.

इथं एखादा जाणता वाचक मला अडवील. म्हणेल, "भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यातला कपोत विसरलात का? पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कबुतरीनं उडी घातली, तिच्यामागं कबुतरानं. संसाराच्या मायेपायी सगळं कुटुंब गेलं. आणि तुम्ही दत्तभक्त म्हणवून घेऊन आठ तोंडांचं कौतुक सांगता?"

आक्षेप खरा आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. पुन्हा बँकेतलंच उदाहरण देतो, मला दुसरं येत नाही. कॅशियर दिवसभर लाखो रुपये हाताळतो. एकेक नोट जपून मोजतो, फाटकी नोट हळुवार चिकटवतो, संध्याकाळी एक रुपया कमी भरला तर जेवायला घरी जात नाही. पण तिजोरीला कुलूप लावून निघताना त्याला दुःख होत नाही, कारण पैसा लोकांचा, ठेव म्हणून आलेला. कपोताला पिल्लं स्वतःची मालमत्ता वाटली. आपल्याला ती ठेव वाटावीत. जपायचं डोळ्यात तेल घालून, पण पासबुकावर नाव महाराजांचं. ज्यानं ठेवलं त्याचे आभार मानता मानता 'माझं माझं' आपोआप सैल पडतं, असा माझा तरी अनुभव आहे.

गुरुचरित्रात वांझ म्हशीची कथा आहे. गाणगापुरातल्या गरीब ब्राह्मणाघरची म्हातारी म्हैस, माती वाहण्यापलीकडे तिचा उपयोग कुणाला दिसत नव्हता. श्रीगुरू नेमके त्याच घरी भिक्षेला गेले आणि त्याच म्हशीचं दूध मागितलं. ती दुभती झाली हा महाराजांचा चमत्कार. पण श्रीमंतांची घरं सोडून, घरच्यांनीही हिशोबातून वगळलेल्या जनावराकडे त्यांची नजर गेली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

आता बंड्या अकरा वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. देवळापर्यंत यायला होत नाही. मी पहाटे निघालो की फाटकापर्यंत चाचपडत येतो आणि तिथंच बसतो. नात दोन वर्षांची आहे, ती त्याच्या पाठीवर हात ठेवून चालायला शिकली. आता तोच तिच्या आवाजाच्या रोखानं चालतो. कोण कुणाचं देणं लागतो, मला तर सांगता येणार नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी देवळात पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. आपण सगळे आपापल्या घरची वाढती मांडवळ महाराजांपुढे उभी करू आणि म्हणू, अशीच कृपा राहू दे. जरूर म्हणावं. त्याबरोबर ज्याला आपण कधी 'तेवढंच ते' म्हणून मागं ठेवलं, तो कुत्रा असो, म्हातारं जनावर असो, नाहीतर घरातलंच एखादं थकलेलं माणूस, त्याची आठवण काढून मनातल्या मनात एक सही करावी.

नातवाला मी अजून पुराची गोष्ट सांगितलेली नाही. थोडा मोठा झाला की सांगणार आहे, 'कुत्रंच आहे ते' या वाक्यासकट.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.