सज्जता की संग्रह?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे तारांवर कोसळली आणि आमच्या वाड्यावर तीन दिवस वीज नव्हती. देवापुढील समई तेवढी नित्याप्रमाणे तेवत होती. विहिरीत पाणी होते, पण पंप आल्यावर आम्ही रहाट काढून टाकला होता. घरात साधा दोरही उरला नव्हता. तो शेजारच्या आजींनी दिला.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. पतंजलींनी अपरिग्रह हा पाच यमांत गणला आहे. मग गृहस्थाने आपत्तीसाठी साठवण करावी काय? मला वाटते, करावी. माणशी रोजचे तीन लिटर पिण्याचे पाणी, आठवड्याचा शिधा, नित्याची औषधे, विजेरी व तिचे सेल इतके जो सुकाळी बाळगतो, तो कोणाचा वाटा हिरावून घेत नाही. उलट संकटकाळी दुकानापुढील रांगेतील एक माणूस कमी होतो. तेच जिन्नस वादळाचा इशारा झाल्यावर धावत जाऊन दुकान रिकामे करून आणले, तर मात्र तो परिग्रह होय. वस्तू त्याच, वेळ निराळी!

परंतु शेजाऱ्याने मागितले, तर आपल्या मुलांच्या पाण्यातून द्यावे काय? याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. आजींपाशी दोर एकच होता. तो आमच्या हाती देऊन, आमचे पाणी भरून होईपर्यंत त्या रिकामी कळशी घेऊन पायरीवर बसून राहिल्या.