पुरवणी

विकत घेण्याजोगी वस्तू कोणती, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. पण जरा खोल गेले की तो नीतीचा होऊन बसतो. धान्याच्या बाबतीत तो सोपा आहे. पोट भरते की नाही, एवढेच पाहायचे. पुस्तक, खेळणे, गाणे यांना मात्र पोटासारखे माप नसते.

पुण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीला कन्हेरीस आला, तो असाच प्रश्न घेऊन. त्याचा खेळ मोठा मजेदार आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली सोंगे घ्यायची आणि अवघड प्रसंगी फासे टाकायचे. थोडक्यात, फासे घेऊन मांडलेली भातुकलीच! नियमांचे मूळ पुस्तक त्याच्याजवळ होते. आता त्याची पुरवणी निघाली होती. किंमत मेसच्या महिन्याच्या बिलाला टेकणारी. “मामा, घेऊ का?”

मास्तर माणसाला ‘पुरवणी’ म्हटले की परीक्षेचा वर्ग आठवतो. मूळ उत्तरपत्रिका भरली की मुलगा उभा राहून पुरवणी मागतो. पहिली पाने कोरी असताना कोणी मागितली, तर आम्ही देत नाही. मी विचारले, “मूळ पुस्तक किती खेळलात रे?”

“तीनदा बसलो. मग कुणाला वेळच झाला नाही.”

म्हणजे उणीव होती ती गड्यांची. आणि गडी काही पुरवणीत बांधून मिळत नाहीत.

या खेळाचा इतिहासही गमतीचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली तीन पुस्तिकांत निघाला. अडेल तेथे खेळणाऱ्याने आपल्याच कल्पनेने ठरवावे, असा सल्ला त्या पुस्तिकांतच होता. तरी १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी विक्रीला आलीच! १९७६ च्या चौथ्या पुरवणीत तर देशोदेशींचे देव आले. आपल्या इंद्रालाही तीत अंगबळाचे आकडे मिळाले. आजीच्या मांडीवर इंद्राची फजिती ऐकलेल्या पोराला ते आकडे कशाला हवेत?

पण एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. गरजेपुरतेच घ्यावे म्हटले, तर दिवाळी अंक तरी कोण घेईल? आणि माझ्या कादंबऱ्या? आमच्या बारामतीस राहून गेलेल्या मोरोपंतांचेच पाहा. वाल्मीकींचे रामायण असताना त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, असे सांगतात. कथा तीच. पण ‘निरोष्ठ रामायणा’त त्यांनी ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य केली. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! त्या एका अटीपायी जुनीच कथा कवीला नव्याने सांगावी लागली.

चांगली पुरवणी ओळखण्याची खूण मला येथे सापडते. ती आपल्याला किती देते, यापेक्षा आपल्याकडून काय मागते, हे पाहावे. ‘ग्रेहॉक’पूर्वी त्या खेळात योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित अशी तीन मुख्य सोंगे होती. त्या पुरवणीने चोर आणला, आणि बळाने न फुटणारे दार हलक्या हाताने कसे उघडावे, याचा विचार खेळणाऱ्याला करावा लागला. ही भर खरी. उलट, जी पुरवणी आपण करायच्या कल्पना आपल्यासाठी करून ठेवते, ती घेऊन आपण थोडे गरीबच होतो.

भाच्याला मी सांगितले, “आधी चौघे एकदा बसा. तेव्हाही हवीशी वाटली, तर चौघांनी वर्गणी काढून घ्या.” कारण वर्गणी देणारा माणूस खेळायला येतो. एकट्याने घेतलेले पुस्तक पुष्कळदा मित्रांच्या जागी कपाटात बसते. पैसे मोजले की हौस पुरी झाल्यासारखे वाटते, आणि मित्राला हाक मारायची राहूनच जाते. दिवाळीची खरेदी करताना आपणही एवढे विचारून पाहावे: ही वस्तू घरात आल्यावर कोण कोण एकत्र बसणार आहे?