चित्र दिसलं, चाचणी कुठे आहे?

तुमचे अहवाल वाचले. एकूण एक वाचले. ‘थ्रीडी स्लायसर यशस्वीरीत्या इन्स्टॉल झाले. सीटी स्कॅन उघडला. प्रतिमा स्पष्ट दिसतात. चाचणी यशस्वी.’ या चार ओळींखाली सह्या ठोकून तुम्ही मोकळे झालात. मी मार्क कशाला द्यायचे? स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये वैद्यकीय प्रतिमा दिसावी म्हणून बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधली आणि एमआयटीमधली माणसं 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून राबली. तुम्हाला दिलेलं काम वेगळं होतं. दिसतंय ते बरोबर आहे का, हे तपासायचं होतं. त्याला तुम्ही हातच लावलेला नाही.

आवृत्ती कोणती टाकलीत? जो तो लिहितो, ‘लेटेस्ट’. स्लायसरची स्थिर आवृत्ती वेगळी, प्रिव्ह्यू वेगळी, आणि प्रिव्ह्यू रोज नव्याने तयार होते. आज मोजलेली गाठ पुढच्या महिन्यात कोणी पुन्हा मोजायला घेतली, तर त्याने कोणतं ‘लेटेस्ट’ शोधायचं? सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की मॉड्यूलमध्ये ‘रिलोड अँड टेस्ट’चं बटण येतं. ते तुमच्यापैकी किती जणांनी दाबलं? अहवालात तरी त्याचा उल्लेख नाही.

परवा लॅबमध्ये एकाच्या मागे उभी होते. छातीच्या सीटीची मालिका त्याने उघडायला घेतली. स्लायसरने थांबवून सांगितलं की या डेटात गडबड आहे, तरी उघडायचं का? याने न वाचता ‘होय’ दाबलं. गडबड काय होती, ते मी त्याला तिथेच उघडून दाखवलं: सीडीवरून कॉपी करताना मधली एक स्लाइस गळली होती. सगळीकडे अंतर सारखंच आहे असं धरून स्लाइस एकावर एक रचल्या, तर तिथली जागा दबते आणि त्या जागी असलेली गाठ लहान मोजली जाते. पडद्यावर मात्र फुप्फुस सुरेख दिसतं. अंतर फाइलीच्या हेडरमधल्या स्लाइसच्या जाडीवरून धरायचं नाही, प्रत्येक स्लाइसच्या नोंदलेल्या जागेवरून काढायचं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. वहीत उतरवलंत, डोक्यात नाही.

याहून मोठी चूक डाव्या-उजव्याची. डायकॉममध्ये, म्हणजे स्कॅनच्या फाइलींच्या ठरलेल्या स्वरूपात, अक्ष रुग्णाच्या डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे वाढतात. स्लायसर आतून उजवी बाजू, पुढची बाजू आणि डोकं धरतो. एकातून दुसऱ्यात जाताना दोन चिन्हं उलटावी लागतात. स्लायसर ते करतो. पण तुम्ही मध्ये स्वतःची रूपांतराची स्क्रिप्ट घुसवलीत, ती करते का? मेंदूच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या, की पालटलेला मेंदू साध्या डोळ्याला कळत नाही. म्हणून तर एमआरआय घेताना डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवण्याची पद्धत आहे. आतलं तेल चित्रात पांढरं उमटतं, आणि मग ती बाजू कोणती यावर वाद उरत नाही. तुम्ही अशी एकही खूण तपासली नाहीत.

दुकानातला काटा तपासायला निरीक्षक कांदे-बटाटे ठेवत नाही, ठरलेलं वजन ठेवतो. तुम्हीही ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असंच काहीतरी सॉफ्टवेअरला द्यायला हवं होतं. पाण्याचा फँटम, म्हणजे तपासणीसाठीचा पाणी भरलेला नमुना, आहे. सीटीच्या हाउन्सफील्ड मापात पाणी 0 च्या आसपास आणि हवा उणे 1000 च्या आसपास यायला हवी. पाण्याच्या जागी हजाराच्या घरातला आकडा आला, तर फाइलीतले आकडे या मापात आणणारे स्लोप आणि इंटरसेप्ट लावायचे राहिले असं ओळखायचं. दहा मिनिटांचं काम होतं.

“मॅडम, ओपन सोर्स आहे, जगभर वापरतात, चुका कोणीतरी काढल्याच असतील.” हे उत्तर मला पुन्हा ऐकायचं नाही. त्यांनी काढल्या त्यांच्या संगणकावर, त्यांच्या स्कॅनरच्या फाइलींवर. स्लायसर बनवणारेच स्पष्ट सांगतात की हे संशोधनासाठी आहे, रुग्णोपचारासाठी मंजूर केलेलं नाही आणि वापराची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. म्हणजे तुमची.

आता ऑर्थँक. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला हा वैद्यकीय प्रतिमा साठवणारा सर्व्हर 2012 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. साधी मांडणी, लहान इस्पितळालाही परवडणारा. बाहेरच्या संगणकांना प्रवेश त्यात मुळातच बंद ठेवलेला असतो. एका गटाने तो उघडला, कोणालाही सुचेल असा पासवर्ड ठेवला आणि 8042 पोर्ट कॉलेजच्या नेटवर्कवर मोकळा सोडला. आत काय होतं? ओळखीच्या माणसाचा खरा स्कॅन, हेडरमध्ये नाव आणि जन्मतारखेसकट. त्याच नावाचा स्क्रीनशॉट तुमच्या स्लाइडवरही होता. या माणसाने आपलं शरीर तपासायला दिलं होतं, तुमच्या प्रोजेक्टला नव्हे. मला संताप आला तो इथे. आणि हेडर पुसलं की काम झालं असंही समजू नका. सोनोग्राफीत नाव बरेचदा चित्रातच छापलेलं असतं. सरावासाठी स्लायसरचे स्वतःचे नमुने आहेत, ‘कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’मध्ये ओळख काढलेले स्कॅन आहेत. ते वापरायचे.

त्याच गटाच्या अहवालात ‘एको यशस्वी’ असंही लिहिलंय. एको म्हणजे समोरच्या यंत्राने हाकेला ओ दिली, बस्स. प्रतिमा किती पाठवल्या, किती पोचल्या, परत मागवल्यावर पिक्सेल तेच आले का? यातलं एकही मोजलेलं नाही.

खरा स्कॅन आज, वर्ग सुटायच्या आत, सर्व्हरवरून आणि तुमच्या पेनड्राइव्हवरून पुसायचा. मी स्वतः बघणार आहे. अहवाल सगळ्यांचे परत. नव्या अहवालात आवृत्तीचा पूर्ण आकडा, फँटमची मोजमापं, डाव्या-उजव्याचा पुरावा आणि जिथे सॉफ्टवेअर चुकलं त्याची नोंद हवी. चूक सापडली म्हणून मी मार्क कापणार नाही. न तपासता ‘यशस्वी’ लिहिलेल्या कागदावर मात्र माझी सही मिळणार नाही.