शैलीचे संपादन

मराठीत 'संपादन' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. नियतकालिकाचे संपादन असते, तसे विद्येचे, धनाचे आणि कीर्तीचेही असते. म्हणजे मिळविणे, आपलेसे करणे. या दुसऱ्या अर्थाची एक कठोर छटा आमच्या गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याला शब्दकोश न उघडता ठाऊक आहे. धरणासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन गेली की त्याला भूसंपादन म्हणतात. त्यात निदान कागदावर तरी तीन गोष्टी असतात : नोटीस, हरकतीची मुदत आणि मोबदला.

फॅशनच्या नियतकालिकाचा संपादक दोन्ही अर्थांनी संपादक असतो. तो मजकूर नीटनेटका करतो आणि शैलीही 'संपादन' करतो. मुलाखतीत त्याला हमखास विचारले जाते, आपल्या आवडीनिवडींवर कोणाचे संस्कार झाले, आपल्या प्रेरणा कोणत्या? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात : आजीची पेटी, एखादी अभिनेत्री, एखादा प्रवास, कुठल्याशा बाजारात दृष्टीस पडलेला रंग. आजीचा उल्लेख होतो, अभिनेत्रीचा होतो. तो रंग ज्याने सिद्ध केला त्या रंगाऱ्याचा होत नाही. अमेरिकन 'व्होग'च्या संपादिका डायना व्हरीलंड यांचे एक वाक्य जगभर गाजले. आपल्याकडे गडद निळ्याचे जे स्थान, ते भारतात गुलाबी रंगाचे, अशा आशयाचे. वाक्य चतुर आहे. त्या वाक्यावर त्यांचे नाव कायमचे कोरले गेले आणि गुलाबी रंग मात्र निनावी राहिला. हा विसर निरुपद्रवी आहे की त्यात कोणाचे काही बुडते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

अर्थात, घाईने निकाल देण्यात हशील नाही, कारण प्रेरणा ही मुळात मोठी निसरडी वस्तू आहे. ॲना विंटूर यांनी १९८८ साली 'व्होग'ची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या नोव्हेंबरच्या पहिल्या मुखपृष्ठावर मिकाएला बर्कू ही तरुणी साध्या जीन्सवर क्रिस्तियाँ लाक्र्वा यांचे अतिशय महागडे जाकीट घालून उभी होती आणि जाकिटावर रत्नखचित क्रूस झळकत होता. छापखान्याने फोन करून विचारले म्हणे, की मुखपृष्ठ हेच ना? पुढे त्या चित्राचे नाना अर्थ लावण्यात आले. कोणी म्हणाले, उंची आणि साध्या वस्त्रांचा हा मेळ म्हणजे नव्या युगाची घोषणा; कोणाला त्यात धार्मिक विधान दिसले. विंटूरबाईंनी बऱ्याच वर्षांनी सांगितले की यातले काहीच खरे नव्हते. जाकिटाबरोबरचा घागरा त्या मुलीला बसला नाही, म्हणून जीन्स. शैली म्हणून जिची दीक्षा पुढच्या पिढ्यांनी घेतली, तिचा उगम असा एका न बसलेल्या घागऱ्यात होता!

पण त्या क्रुसाचे काय? लाक्र्वा हे दक्षिण फ्रान्समधील आर्लचे. तेथील लोकवेश, बैलझुंजी आणि चर्चमधील अलंकरण हे सारे आपल्या कामात उतरले आहे, हे त्यांनी कधी लपविले नाही. मुखपृष्ठापर्यंत येताना मात्र आर्ल गळून पडले आणि क्रूस तेवढा दागिना होऊन उरला. आपल्यातल्या पुष्कळांना यात थोडे खटकेल. तेच खटकणे आपण इतरांच्या बाबतीतही ओळखू शकतो का, हा यापुढचा प्रश्न.

कोणी म्हणेल, उसनवारीवाचून संस्कृती असते तरी कुठे? हे खरेच आहे. 'पायजमा' हा शब्द आणि वस्त्र दोन्ही आपण फारसीकडून घेतली. आपल्या मंडळींत वधू पांढरा झगा घालते, तो व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधील विवाहानंतर रूढ झाला. राणीच्या वारसांना कोणी त्याचे मानधन पाठविल्याचे ऐकिवात नाही. मात्र त्याच झग्यात एक शिकवणही दडलेली आहे. त्याची लेस डेव्हनच्या कारागीर स्त्रियांनी विणली होती, आणि यंत्रामुळे बुडत चाललेल्या त्यांच्या धंद्याला हात मिळावा म्हणून राणीने ती मुद्दाम निवडली होती. तेथे आवड आणि उपकार एकाच धाग्यात होते. शेजारी शेजाऱ्याकडून विरजण नेतो, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण उद्या वाटी उलट दिशेने जाणार असते. वाटी एकाच दिशेने जाऊ लागली की मग हिशेब सुरू होतो.

विदर्भात ही एकाच दिशेने जाणारी वाटी पाहायची तर कोसा पाहावा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवितात. हे काम मुख्यतः ढिवर समाजाचे. तुतीचे रेशीम घरात, छपराखाली वाढते. टसर उघड्या रानात वाढते. म्हणून किडे झाडावर सोडल्यापासून कोसे बांधून होईपर्यंत कुटुंबातील कोणीतरी झाडाखाली पहाऱ्याला असावे लागते. पाखरे, मुंग्या, गांधीलमाशा, अवकाळी पाऊस. एका रात्रीत सारे जाते. मग कोसे शिजवायचे, सूत काढायचे, आणि आंधळगाव, मोहाडीकडच्या मागांवर त्याचे वस्त्र व्हायचे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली करवती साडी ती हीच. तिला आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

सूत काढण्याची जुनी पद्धत मध्य आणि पूर्व भारतात अनेक ठिकाणी अशी होती, की स्त्रिया धागा उघड्या मांडीवर वळीत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने कातडी सोलवटे, जखमा चिघळत. ही पद्धत संपावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले. चकचकीत पानावर याच धाग्याचे वर्णन 'मानवी हाताचा ऊबदार स्पर्श' अशा शब्दांत होते. ते खोटे नाही, अपुरे आहे. स्पर्श मांडीचा होता. संपादकाने या स्त्रियांवर अश्रू ढाळावेत असे मी म्हणत नाही. त्याने तसे केले तर तीही एक शैलीच होईल. पण ज्या खडबडीत पोताने त्याची दृष्टी घडविली असे तो अभिमानाने सांगतो, ते पोत कशातून आले हे जाणून घेणे त्या दृष्टीचाच भाग नाही काय? न जाणता केलेले कौतुक मला अर्धवट कौतुक वाटते.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांबरोबर कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, त्या केवळ 'चामड्याच्या सँडल' म्हणून. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. हे चांगलेच झाले. तरी क्रम लक्षात घ्यावा : आधी ताबा, मग हरकत, मग मोबदला. सरकारी भूसंपादनसुद्धा इतके उलटे चालत नाही.

याच्या शेजारी २०१८ मधील न्यूयॉर्कचे एक उदाहरण ठेवावेसे वाटते. तेथील मेट्रोपोलिटन संग्रहालयाने फॅशन आणि कॅथलिक कल्पनाविश्व या विषयावर प्रदर्शन भरविले. साडेसोळा लाखांवर लोकांनी ते पाहिले. कित्येकांना ते पटले नाही, उद्‌घाटनाच्या मेजवानीला एका गायिकेने चढविलेला बिशपांसारखा मुकुट तर मुळीच नाही. परंतु व्हॅटिकनच्या वस्त्रागारातील सुमारे चाळीस वस्तू तेथे होत्या, त्या मागून आणल्या होत्या. व्हॅटिकनने विचार करून त्या दिल्या, आणि विक्रीच्या जगातील पोशाखांत मिसळू नयेत म्हणून त्या वेगळ्या दालनांत मांडल्या गेल्या. त्या दालनांना ॲना विंटूर यांचेच नाव आहे.

व्हॅटिकनला पत्र पाठविणे सोपे होते. त्याचा पत्ता सर्वांना माहीत असतो. ऐनाच्या झाडाखाली पहारा देणाऱ्या ढिवराचा पत्ता शोधावा लागतो, तोही कोसे उतरविण्याच्या आत. संपादकाच्या कचेरीत हे काम कोणाकडे असावे, हे अजून ठरलेले दिसत नाही.