अन्न कोण, खाणारा कोण

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांवर मगरींची मोजणी रात्री चालते. ओहोटी लागून काठाचा चिखल उघडा पडला की होडी निघते आणि प्रखर दिव्याचा झोत दोन्ही तीरांवरून फिरू लागतो. मगरीच्या डोळ्यांवर पडलेला उजेड परततो आणि अंधारात तांबडा ठिपका पेटतो. मग होडी जमेल तितकी जवळ नेऊन मगर केवढी असेल याचा अंदाज घ्यायचा. त्याआधीच तिने बुडी मारली, तर नोंद एवढीच होते : फक्त डोळे.

१९७० च्या दशकात ही पद्धत तिथल्या नद्यांवर रुजवली ती सिडनी विद्यापीठाच्या हॅरी मेसेल यांनी. मुळात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाल्यावर नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ साली खाऱ्या पाण्यातल्या मगरींना संरक्षण मिळालं, तेव्हा त्या जेमतेम ३,००० उरल्या होत्या. आज त्या लाखाच्या घरात आहेत. माणसाला भक्ष्य समजणारा प्राणी माणसानेच कायदा करून परत आणला. कशासाठी? पर्यटन आणि कातड्याचा नियंत्रित व्यापार ही उत्तरं खरी आहेत, पण अपुरी.

त्यापलीकडचं उत्तर ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांनी दिलं, आणि त्याची किंमत मोजून दिलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, त्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात एकट्याच छोटी होडी वल्हवत होत्या. मगरीने होडीला धडका दिल्या. काठावरच्या झाडाकडे झेपावलेल्या प्लमवुड यांना तिने मांड्यांत पकडून पाण्याखाली नेलं आणि गरागरा फिरवलं. असं तीनदा झालं. शेवटी चिखलात बोटं रुतवत त्या कसाबसा काठ चढल्या. वाचल्यावर, मगरीला मारायचा बेत कानावर येताच त्यांनी ठाम विरोध केला. तिच्या पाण्यात आगंतुक त्या स्वतः होत्या, मगर नव्हे.

जबड्यात सापडल्यावरही आपण कुणाचं तरी खाद्य आहोत हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. माणूस सगळ्यांना खातो, त्याला मात्र कुणी खायचं नाही, या समजुतीवर पुढे त्यांनी कठोर टीका केली. भक्कम शवपेटी आणि वरची शिळासुद्धा किड्यांना आपला वाटा मिळू नये म्हणूनच असते, असं त्यांना वाटे.

मराठी वाचकाला यातून तैत्तिरीय उपनिषद आठवेल. भृगुवल्लीच्या शेवटी ज्ञानी पुरुष आनंदाने गात सुटतो. स्वतःला अन्न म्हणवतो आणि अन्न खाणाराही. पण तो मुक्त आहे, निर्भय आहे. प्लमवुड त्याच सत्याजवळ पोचल्या त्या भीतीतून आणि रक्तातून. म्हणून त्यांच्या साक्षीचं वजन वेगळं.

दोघंही बोलतात ते मात्र स्वतःच्या देहाबद्दल. जुलै २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या एका ओढ्यात मगरीने बारा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. नंतर ती मगर गोळी घालून मारण्यात आली. त्या मुलीच्या घरी जाऊन अन्नसाखळीचं तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि प्लमवुड यांच्या क्षमेचा दाखला तिथे देणं हा अन्याय ठरेल.

तरीही नदी माणूस आणि मगर या दोघांची आहेच. म्हणून डार्विन बंदरातून दरवर्षी शेकडो मगरी पकडून काढल्या जातात, आणि काकाडूच्या पाण्याकाठी पाट्या माणसाला मागे राहायला सांगतात. ही हद्द कुठे आखायची, हे ठरवताना दर मोसमाच्या मोजणीचे आकडे पुन्हा समोर घ्यावे लागतात.