श्रोता आणि विद्यार्थी

महाविद्यालयातून परतलेला मुलगा सांगतो, "आज सरांनी फार सुरेख शिकविले," आणि आपणां आईबापांस समाधान वाटते. परंतु सुरेख शिकविले गेले म्हणजे मुलगा शिकला काय, हा प्रश्न आम्हांस अलीकडे स्वस्थ बसू देत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९९०च्या सुमारास त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांस आवडत, आणि परीक्षेतील अवघड गणितेही ती मुले सोडवीत. एकदा त्यांनी अगदी साधा प्रश्न घातला : जड ट्रक व हलकी मोटार एकमेकांवर आदळली, तर कोणावरचे बल अधिक? दोहोंवर ते सारखेच असते, हे न्यूटनचा नियम पाठ असूनही बऱ्याच मुलांस सांगता आले नाही. तेव्हा त्यांनी रीत बदलली. थोडे सांगावे, मग प्रश्न टाकावा. प्रत्येकाने प्रथम आपले उत्तर ठरवावे, नंतर शेजाऱ्याशी वाद घालून त्यास ते पटवावे.

खरी गोम पुढेच आहे. त्याच विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः धडपडून शिकलेल्या मुलांना चाचणीत गुण अधिक मिळाले. पण आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते! ओघवते व्याख्यान ऐकलेली मुले मात्र संतुष्ट होती. अडखळणे म्हणजे न समजणे, असा त्यांचा समज.

मग शिक्षकाने काय करावे? विद्यार्थ्याचे समाधान जपावे की हित? आमच्या मते हितच. मात्र ही अडचण कशासाठी, हे त्याने आरंभीच सांगितले पाहिजे. शंभर मुलांच्या वर्गात हे सोपे नाही, आणि लाजरी मुले मागे पडण्याचे भयही आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना वर्षभर राहावयास सांगतात, मग हवे ते विचारा म्हणतात, आणि आम्हांस ठाऊक असेल तर सांगू, असेही म्हणतात. प्रश्न शिष्यांचे, ग्रंथ उभा आहे तो त्यांवरच. आम्ही मात्र कीर्तनात माना डोलावून घरी येतो, तेव्हा मुलांसच दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत, कोण जाणे.

"आज काय शिकविले?" याऐवजी "आज कोठे अडलास?" असे घरी विचारून पाहावे म्हणतो. पहिले काही दिवस मुलगा गोंधळेल, कदाचित चिडेलही.